पान एकशे त्रेचाळीसवरची चादर

शनिवार, २३ ऑगस्ट १९६९. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी रतन ओव्हाळ यांनी लॉण्ड्रीतल्या मोठ्या हंड्याखाली जाळ घातला आणि सोड्याचे पाणी उकळायला ठेवले. लोणावळ्यातल्या या मुलींच्या बोर्डिंग शाळेत शनिवार हा चादरींचा दिवस. एकशे बारा चादरी, तितकेच अभ्रे, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने भरलेला नंबर. शाळा कॅथलिक सिस्टरांची आहे. मुली मुंबईच्या, वसईच्या, काही गोव्याच्या. वय दहा ते सतरा. लॉण्ड्रीत त्यांना नावाने कोणी ओळखत नाही. सतरा नंबरच्या फ्रॉकच्या खिशात नेहमी चिंचोके निघतात, ऐंशी नंबर दर महिन्याला एक मोजा हरवते, हे मात्र रतनबाईंना पाठ आहे. (नंबर इथे बदलले आहेत.)

सहाच्या आत पहिली खेप हंड्यात गेली. एरवी या वेळेला लॉण्ड्रीत दोन बायकांचे बोलणे चालू असते. त्या दिवशी एकीचेच चालू होते.

"काय गं, दातखिळी बसली व्हय?" चिमाबाई म्हणाल्या. चिमाबाई भुशीच्या अंगाच्या डोंगरवाडीतल्या. रतनबाईंहून वीस वर्षांनी मोठ्या, आणि लॉण्ड्रीत पाच वर्षांनी जुन्या.

"बसू दे, मावशी."

"त्या पुस्तकाचंच ना? कागुदच हाय त्यो. कुनाचा पाय मोडलायस का तू?"

"वाचनालयाचं होतं ते."

"मग म्हनावं हंड्यात टाका, पांढरं करून देतो."

रतनबाई हसल्या नाहीत. संध्याकाळी सहा वाजता गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या समितीची बैठक होती. तिच्यापुढे एकच विषय होता: सभासद क्रमांक दोनशे अठरा, सौ. रतन विठ्ठल ओव्हाळ, यांचे सभासदत्व ठेवायचे की नाही.

रतनबाईंचे माहेर परंदवडीचे. वडील गेणू दुसऱ्यांच्या शेतात राबत, पण मुलीला त्यांनी मराठी सातवीपर्यंत शिकवले. अठ्ठावन्न साली लग्न होऊन त्या लोणावळ्याला आल्या. नवरा विठ्ठल रेल्वेच्या लोको शेडमध्ये आहे. बासष्ट साली त्याने जामीन म्हणून सही केली आणि रतनबाई वाचनालयाच्या सभासद झाल्या. त्यांच्या वस्तीतून पुस्तक घरी नेणाऱ्या त्या पहिल्या आणि आजपर्यंत एकट्याच. सात वर्षांत त्यांनी तीनशे चाळीसच्या वर पुस्तके नेली, असे देवघेवीच्या वहीतून दिसते. एकही उशिरा परत आलेले नाही. शाळेतही मोठे ग्रंथालय आहे, पण ते सगळे इंग्रजी. वाचनालयाचे कार्ड गेले तर रतनबाईंना पुस्तक मिळण्याची दुसरी जागा नाही.

ज्या पुस्तकावरून हे घडले ती तीनशे अठरा पानांची कादंबरी आहे. दाखल अंक चार हजार एकशे बारा. कॅथलिक बोर्डिंगमधल्या पंधरा-सोळा वर्षांच्या तीन मुलींची गोष्ट. गावाचे नाव नाही, पण घाट आहे, धुके आहे आणि स्टेशनाबाहेर चिक्कीची दुकाने आहेत. लेखक पुण्याचे, नावाजलेले. सदुसष्टच्या नोव्हेंबरात ते लोणावळ्याला एका बंगल्यात राहायला आले होते. सिस्टरांची परवानगी घेऊन त्यांनी शाळा पाहिली आणि मग चार दुपारी लॉण्ड्रीत पालथ्या बादलीवर बसून रतनबाईंना प्रश्न विचारले. मुली काय खातात, कशावरून भांडतात, रडतात कधी. रतनबाईंनी हातातले काम न थांबवता सांगितले. लेखक लिहून घेत होते. जाताना म्हणाले, "बाई, तुमच्याइतकं या मुलींना कोणी ओळखत नसेल. पुस्तकात सगळं येईल."

त्यानंतर रतनबाईंनी पावणेदोन वर्षे वाट पाहिली. पुस्तक जूनमध्ये वाचनालयात आले तेव्हा त्यांचा नंबर सहावा होता. शुक्रवार, १८ जुलैला त्यांना ते मिळाले. त्या आठवड्यात वाचनालयातले सगळे लोक चंद्रावर निघालेल्या माणसांच्या बातम्यांत बुडाले होते. रतनबाईंनी वर्तमानपत्राकडे पाहिलेही नाही.

रविवारपर्यंत पुस्तक वाचून झाले. सोमवारी दुपारी वाळवणीच्या खोलीत चिमाबाईंनी विचारले, "मग? आपुन हावोत का त्यात?"

"एका ओळीत आहोत."

"कुटं? वाच की."

रतनबाईंनी वाचले. मागे कुठेतरी एक म्हातारी धोबीण कसलेसे उदास गाणे गुणगुणत होती, असे त्या ओळीत होते.

चिमाबाईंनी विचार केला. "ती मीच असंल मग. पन मी गायले कवा?"

"दोघींपैकी कोणीच कधी गायलं नाही."

"तू तर निस्ती त्याला सांगत हुतीस. त्यो बादलीवर बसलेला, त्योच गुनगुनत होता लेकाचा."

पावसाळ्यात लोणावळ्यात बाहेर काही वाळत नाही. म्हणून शाळेने लॉण्ड्रीला लागून एक लांबट खोली बांधली आहे. तिच्यात कोळशाच्या चार शेगड्या आणि वर दोऱ्यांच्या रांगा. जून ते सप्टेंबर खोलीत सतत वाफ असते. दोघींची जेवणाची सुट्टी तिथेच जाते, कारण लॉण्ड्रीत तेवढीच एक ऊबदार जागा आहे. पुढचे दहा दिवस साडेबारा ते सव्वा, रतनबाईंनी ती कादंबरी चिमाबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा राग वाढत गेला.

पान बाविसावर लिली नावाची नायिका कुंपणाच्या तारेला अडकून पांढरा फ्रॉक फाडते, चोरून हौदावर धुते आणि सकाळी तोच घालून प्रार्थनेला जाते. महिना आषाढाचा.

"थांब," चिमाबाई म्हणाल्या. "धुतला कवा?"

"आदल्या संध्याकाळी."

"आन सकाळी घातला?"

"असं लिहिलंय."

"आखाडात? हितं?" चिमाबाईंनी वरच्या दोरीकडे बोट केले. "माजी चोळी बग ती. आज तिसरा दिस. त्याला म्हनावं, बाबा, तुजी शेगडी आमाला दे."

चिमाबाईंना त्यात गंमत वाटली. रतनबाईंना वाटली नाही. कापड कसे वाळते हे त्यांनी लेखकाला पूर्ण अर्धा तास समजावून सांगितले होते.

बाकीचेही तसेच होते. कादंबरीतल्या मुली तीनशे अठरा पानांत दोनदा जेवतात, आणि दोन्ही वेळा ताट तसेच सोडून उठतात. खऱ्या मुलींना सकाळ-संध्याकाळ भूक लागलेली असते. अभ्र्यांतून पेरू निघतात, एकदा अख्खी मुरांब्याची बरणी निघाली होती. कादंबरीत कोणाच्या डोक्यात उवा नाहीत, कोणाला गणिताची परीक्षा नाही, पाण्यासाठी रांगेत कोणी कोणाच्या झिंज्या ओढत नाही. पापकबुलीला लिली एका तरुण फादरपुढे गुडघे टेकते आणि तो तिच्या डोळ्यांत पाहतो. शाळेत येणारे फादर सत्तर वर्षांचे आहेत, त्यांना कमी ऐकू येते, आणि मध्ये लाकडी जाळी असते. शनिवारी मुली रांगेत उभ्या राहून एकमेकींना विचारत असतात, "तू काय सांगणार आहेस?" ज्या मुलीला आठवड्यात पाप घडलेले नसते ती दुसरीचे उसने घेते. हेही रतनबाईंनी लेखकाला सांगितले होते. त्या वेळी ते खूप हसले होते.

भाषेचा राग सगळ्यात जास्त. कादंबरीतल्या तिन्ही मुली "हम तुमको बोला ना, मॅन" असे बोलतात. बोर्डिंगमधल्या चाळीस-पंचेचाळीस मुली वसईकडच्या आहेत. त्या घरी मराठीच बोलतात, त्यांच्या आज्या लग्नात मराठी गाणी म्हणतात. सुट्टीहून येताना त्या रतनबाईंसाठी उन्हात सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी आणतात आणि चिमाबाईंच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करतात.

आणि प्रत्येक पानावर देव. मुली उठताना देवाला घाबरतात, केस विंचरताना पापाला घाबरतात. रतनबाईंना हे ओळखीचे होते. छप्पन्न साली त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला. त्यानंतर परंदवडीत भेटणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा. देव्हारा न्हाई, मग सकाळी उठून तुमी करता काय? गेणू सांगायचे, "पानी भरतो."

पान एकशे त्रेचाळीस मात्र या सगळ्यांहून वेगळे होते.

सदुसष्टच्या जूनमध्ये तेरा वर्षांची एक मुलगी बोर्डिंगला आली. नंबर सत्तेचाळीस. घर सोडून राहायची पहिलीच वेळ. दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे साडेपाच वाजता ती लॉण्ड्रीच्या मागच्या दाराशी उभी होती. काखेत चादरीची गुंडाळी. अंथरूण ओले झाले होते. डॉर्मिटरीत सात वाजता पलंग तपासत. कोणाचे ओले सापडले तर तिने गादी स्वतः उचलून सगळ्यांच्या समोरून अंगणात न्यायची, असा नियम होता. रतनबाईंनी चादर घेतली, बिननंबरची एक जादा चादर तिच्या हातात दिली आणि कामाला लागल्या. मुलगी काही बोलली नाही. त्याही बोलल्या नाहीत. हे चौदा महिने चालले. कधी आठवड्यातून दोनदा, कधी चारदा. पावसाळ्यात ती चादर शेगडीवरच्या दोरीवर वाळायची, उघडीप असली की मागच्या तारेवर. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टनंतर मुलगी पहाटे यायची थांबली. चिमाबाईंना सगळे ठाऊक होते, पण त्यांनीही हा विषय कधी काढला नाही.

लेखक आले तेव्हा नोव्हेंबर होता. त्यांच्या तिसऱ्या दुपारी मागच्या तारेवर एकच चादर होती.

"आज तर बुधवार," लेखक म्हणाले. "चादरी शनिवारी ना? मग ही एकच का?"

"वेगळी धुवायची असते," रतनबाई म्हणाल्या.

"का?"

"असते."

लेखक हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिले.

त्याचे पान एकशे त्रेचाळीस झाले. कादंबरीत लिली बागेतल्या तरुण माळ्याला भेटून येते, आणि पहाटे आपली चादर स्वतः धुऊन मागच्या तारेवर एकटी वाळत घालते. सिस्टरांना ती दिसते. तिथून लिलीचे हाल सुरू होतात आणि शेवटी ती क्षयाने मरते. गावात या पानाची चर्चा झाली. पुस्तक कुठल्या शाळेवरचे आहे हे सांगायला कोणाची गरज नव्हती, आणि "ती चादर खरी होती म्हणे" असे दोन-तीन ठिकाणी बोललेही गेले.

रतनबाईंनी ते पान चिमाबाईंना वाचून दाखवले. वाचून झाल्यावर चिमाबाईंनी भाकरी खाली ठेवली.

"आपल्या पोरीचं हाय हे?"

"तिचं नाही. पण तिच्यावरनं."

"मुतलेलं पोर आन ह्यानं काय केलं त्याचं!" मग थोड्या वेळाने: "तू बी येडीच. शाई सांडली म्हनून सांगायचं. इचारलं आसतं का त्यानं पुडं?"

ते पान पहिल्यांदा वाचल्यापासून रोज रात्री रतनबाई स्वतःलाच हे म्हणत होत्या. शाई सांडली. दोन शब्द. ते सुचले नाहीत म्हणून लेखकाला जागा मिळाली.

मुलगी आता दहावीत आहे. अजून शाळेतच आहे.

चिमाबाईंना वाचून दाखवायला सुरुवात करतानाच रतनबाईंनी ठरवले होते की लेखकाला पत्र लिहायचे. पानाचा आकडा, चूक आणि खरे काय, असे ओळीने. त्यासाठी वाचता वाचता समासात बारीक अक्षरात नोंद करायची, पत्रात उतरवायची आणि पुस्तक परत करण्याआधी रबराने खोडून टाकायची. खिशात पेन्सिल होतीच. कपड्यांच्या गठ्ठ्यांना बांधायच्या चिंध्यांवर नंबर टाकायला लॉण्ड्रीत कॉपिंग पेन्सिल वापरतात. कापडावर लिहिताना तिचे टोक ओले करावे लागते, मग जांभळे उमटते आणि धुतले तरी जात नाही. कोरड्या कागदावर ती साध्या पेन्सिलीसारखी करडी उमटते आणि रबराने जाते. रतनबाईंनी हे आधी एका जुन्या पाकिटावर करून पाहिले होते.

पाकिटावर त्यांनी घरी करून पाहिले होते. पुस्तकात लिहिले ते वाळवणीच्या खोलीत.

बुधवार, ३० जुलैला पत्र लिहायला त्यांनी पुस्तक उघडले, तेव्हा दहा दिवसांच्या वाफेने नोंदी जांभळ्या झाल्या होत्या. एकसष्ट नोंदी. समोरच्या पानांवर त्यांचे उलटे ठसे, काही ठिकाणी शाई मागच्या बाजूलाही उतरलेली. रतनबाईंनी मग दुसरी चूक केली. कपड्यावरच्या शाईला लॉण्ड्रीत लिंबू आणि मीठ लावतात. पान बारावर त्यांनी ते लावले. शाई फिकट झाली आणि पानाला भोक पडले. तिथे त्या थांबल्या. पत्र लिहिलेच गेले नाही.

२ ऑगस्टला, मुदतीच्या दिवशी, त्यांनी पुस्तक ग्रंथपाल निवृत्ती येवले यांच्या टेबलावर ठेवले आणि त्यांनी उघडायच्या आधीच काय झाले ते, नोंदींच्या आकड्यासकट, सांगितले. येवल्यांनी पुस्तक उघडले. चष्मा काढून पुसला, पुन्हा उघडले.

"रतनबाई, पुस्तक वाचायला दिलं होतं. भट्टीला घातलंत की काय?"

"माझी चूक आहे, साहेब."

"चूक? एकसष्ट वेळा?" त्यांनी एक पान वाचले, मग दुसरे. "आणि हे काय लिहिलंय? 'या मुली उपाशी कशा राहतील, सोमवारी खिमा असतो'?"

"सोमवारी खिमाच असतो."

"अहो, असेल!" येवले म्हणाले. "पण तुम्ही सभासद आहात की परीक्षक? सात वर्षं मी तुमचं नाव इतरांना सांगतोय. पुस्तक कसं ठेवावं ते ओव्हाळबाईंकडून शिका म्हणून. आता काय सांगू?"

नियम नववा स्पष्ट आहे: पुस्तकावर लेखन करणाऱ्या सभासदाबाबत समिती निर्णय घेईल. समिती महिन्याच्या चौथ्या शनिवारी बसते. रतनबाईंचे कार्ड येवल्यांनी खणात ठेवून घेतले. तीन आठवडे त्यांच्या घरात पुस्तक नव्हते. विठ्ठलने शेडमधून जुनी दिवाळी अंकांची रद्दी आणून दिली. ते अंक रतनबाईंनी आधीच वाचले होते.

बैठकीच्या शनिवारी चादरींची शेवटची खेप दोरीवर चढायला साडेचार झाले. निघताना चिमाबाईंनी पुन्हा बजावले, "इचारलं तर शाई सांडली म्हन. शाई. न्हाईतर पुन्यांदा मुकी बसशील."

"बघू, मावशी."

"बगू नगं. म्हन."

बैठक वाचनालयाच्या आतल्या खोलीत झाली. तिघे जण होते. अध्यक्ष रखमाजी मालपोटे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. सदस्य भिकाजी गराडे, स्टेशनजवळ त्यांचे खाणावळवजा हॉटेल आहे. आणि चिटणीस म्हणून स्वतः येवले. विठ्ठल जामीन म्हणून आला होता, पण त्याला बाहेरच्या वाचनकक्षात बसवण्यात आले.

मालपोट्यांनी घड्याळ पाहून सहाला सुरुवात केली. त्यांनी आधी नियम वाचला, मग पुस्तक गराड्यांकडे सरकवले. गराडे पाने उलटू लागले आणि मध्येच मोठ्याने हसले.

"हे ऐका, रखमाजीराव. पान बावीस. 'आषाढात लोणावळ्यात फ्रॉक एका रात्रीत वाळत नाही. शेगडीवर धरला तरी शिवणीत ओल राहते.' आता हे खोटं आहे का? माझ्या हॉटेलातले पंचे दोन-दोन दिवस ओले."

"पंच्यांचा विषय नाही," मालपोटे म्हणाले.

"नसेल. पण पुस्तक वाचलं तेव्हा माझ्या ध्यानात नाही आलं, बाईंच्या आलं." गराड्यांनी आणखी दोन नोंदी वाचल्या. उसन्या पापाची नोंद वाचली तेव्हा येवल्यांनाही हसू आवरले नाही. मालपोटे हसले नाहीत, पण पुस्तक स्वतःकडे घेऊन त्यांनी ते पान पाहिले.

मग गराड्यांनी तोडगा काढला. नोंदी स्वच्छ कागदावर लिहून बाईंनी सही करून द्याव्या. समितीने त्या वाचनालयाच्या पत्रासोबत प्रकाशकाला पाठवाव्या आणि दुसरी प्रत मागावी. एवढा अभ्यास पाहून प्रकाशक प्रत देईल. प्रत आली की प्रकरण मिटले, कार्ड आजच परत.

येवले लगेच म्हणाले, "माझी हरकत नाही."

मालपोट्यांनी थोडा वेळ टेबलावर बोटे वाजवली. "चालेल. पण पत्र वाचनालयाच्या नावाने जाणार. त्यात काय जातंय हे मला माहीत पाहिजे." त्यांनी एकेक पान पाहायला सुरुवात केली. वीस मिनिटे गेली. रतनबाई उभ्याच होत्या. खुर्ची होती, पण बसा असे कोणी म्हटले नव्हते. एकशे त्रेचाळीसवर मालपोटे थांबले.

"इतर ठिकाणी चार-चार ओळी. इथे एकच शब्द. 'खोटं.' आणि पेन्सिल एवढी दाबली आहे की मागून कळतंय. काय खोटं आहे इथे?"

"लिहिलंय ते."

"ते दिसतंय, बाई. चादर खोटी का माळी खोटा?"

गराडे पुढे झुकले. "गावात म्हणतात, चादर खरी होती."

"चादर होती," रतनबाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही."

"काही नाही कसं?" मालपोट्यांचा आवाज चढला नाही. गाडी सोडण्यापूर्वी सगळे डबे पाहणाऱ्या माणसासारखे ते विचारत होते. "हे पान वादाचं आहे. शाळेची बदनामी झाली म्हणणारे आहेत, आणि खरं छापलं म्हणणारेही आहेत. आपण प्रकाशकाला लेखी कळवणार की हे खोटं आहे. तो विचारेल, कशावरून? मी काय सांगू? तुम्ही एक कारण द्या. एका ओळीचं चालेल."

एका ओळीचे कारण रतनबाईंकडे महिनाभर तयार होते. चिमाबाईंनी ते त्यांच्याकडून पाठच करून घेतले होते.

"कारण सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत नाही की सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही."

गराड्यांनी पुस्तक मिटले. "रतनबाई, अहो तुमच्याच फायद्याचं आहे. काहीतरी बोला, नाहीतर ही एक नोंद मागे घ्या."

"खोटं आहे ते. एवढंच माझं आहे."

मालपोट्यांनी येवल्यांना वही उघडायला सांगितली. ठराव चार ओळींचा झाला: समाधानकारक खुलासा न मिळाल्याने सभासद क्रमांक दोनशे अठरा यांची देवघेव सहा महिने बंद, सभासदत्व रद्द नाही, प्रकाशकाला पत्र पाठवायचे नाही. शेवटच्या ओळीत पुस्तकाचे काय ते होते. वाचनालयाकडे एकच प्रत आहे आणि यादीत अजून एकोणीस वाचक आहेत, म्हणून ते तसेच फिरते ठेवायचे. फक्त पान एकशे त्रेचाळीसवरची नोंद, वाद नको म्हणून, झाकायची.

येवल्यांनी खणातून डिंकाची बाटली काढली, पांढऱ्या कागदाची अंगठ्याएवढी पट्टी कापली आणि तो शब्द झाकला. रतनबाईंच्या देखतच. बाकीच्या साठ नोंदी तशाच राहिल्या: पेरू, खिमा, पंच्यासारखा न वाळणारा फ्रॉक, बहिऱ्या फादरांची जाळी. आता पुढचे एकोणीस वाचक त्या वाचतील आणि हसतील. एकशे त्रेचाळीसवर आले की त्यांना समासात दुरुस्तीच्या पट्टीशिवाय काहीच दिसणार नाही, आणि इतक्या ठिकाणी टोकणाऱ्या बाईंनी इथे काही लिहिलेले नाही म्हणजे हे तरी खरे असणार, असे त्यांना वाटेल. रतनबाईंना हे पट्टी चिकटत असतानाच कळले. त्या म्हणाल्या, "साहेब, मग सगळंच झाका."

"एकसष्ट पट्ट्या?" येवले म्हणाले. "डिंक संपेल, रतनबाई."

बाहेर विठ्ठल छत्री घेऊन उभा होता. रुळांच्या कडेच्या वाटेने दोघे घराकडे निघाले.

"शाई म्हणालीस का?"

"नाही."

"का गं? तोंडपाठ होतं ना?"

"एकसष्ट ठिकाणी त्याला खोटं पाडलं. बासष्टावं मी घालू?"

"मग आता सहा महिने रेल्वेचं टाइमटेबल वाच," तो म्हणाला. "त्यात बी खोटंच असतं, पण वेळ तरी जातो."

"पेन्सिल देऊ नकोस म्हणजे झालं," रतनबाई म्हणाल्या. नंतर घर येईपर्यंत त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या, विठ्ठलशी नव्हे, रस्त्याशी: चार दुपारी सांगितलं, चार दुपारी, आणि जे सांगितलं नाही तेवढंच त्यानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी लॉण्ड्री बंद असते; हंडा सोमवारी पहाटे पाच वीसला चढतो. वाचनालयाचा मोफत वाचनकक्ष रविवारी सकाळी आठ ते अकरा उघडा असतो. तिथली वर्तमानपत्रे वाचायला कार्ड लागत नाही; सहा महिने रतनबाईंना वाचायला तेवढीच उरली होती. पुस्तकांची कपाटे त्या दिवशी उघडत नाहीत.